कळ

माउसची वायर उंदरानं कुरतडली.
खऱ्या उंदरानं. ग्रामपंचायतीची ही खोली
पूर्वी धानाच्या बियाण्याची होती,
आणि खोली बदलल्याचा ठराव
उंदरांना कुणी वाचून दाखवला नव्हता.

लाखांदूरहून प्रफुल तिरपुडे आला,
नवा माउस आणायला विसरून.
म्हणाला, ताई, आठवडाभर भागवून घ्या,
आणि पेन ड्राइव्हवरून काहीतरी चढवून गेला:
ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबायचं,
पडद्याच्या मधोमध एक पांढरी पट्टी उघडते,
दाराखालून येतो तेवढा उजेड.
तिच्यात एक अक्षर टाकायचं.

यू टाकलं की उत्पन्नाचा दाखला.
आर टाकलं की रहिवासी.
पी टाकलं की पाणीपट्टी, आणि पी दोनदा
म्हणजे प्रिंटर, जो तरीही रुसतोच.

पहिले दोन दिवस बोटं कोंबडीसारखी
कीबोर्डभर टोचत फिरली.
तिसऱ्या दिवशी त्यांना वाट सापडली,
बोडीच्या पाळीवरून अंधारात घरी येताना
पायांना सापडते तशी, डोळ्यांना न विचारता.

आधी काय होतं ते सांगते.
डी ड्राइव्ह. त्यात नवीन फोल्डर.
त्यात नवीन फोल्डर दोन. त्यात 'जुने'.
त्यात 'जुने फायनल'. त्यात सरपंचांच्या मुलीच्या
हळदीचे फोटो, आणि त्यांच्याखाली कुठेतरी
अख्ख्या गावाचे दाखले.
रांगेला मी म्हणायची, जरा कळ काढा.
आता मी नुसती कळ दाबते.
हा विनोद कुणाला तरी सांगावा म्हटलं
तर रांगच उरली नाही.
अकराला खोली रिकामी. पंखा,
आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर.

ही पट्टी शिकते म्हणे.
जे जास्त मागाल ते वर आणते.
एच टाकलं की उन्हाळाभर हजेरीपट यायचा,
बोडी खोल करायच्या कामाचा.
नोव्हेंबर लागला
आणि हयातीचा दाखला त्याच्या डोक्यावर चढला.
मी काही सांगितलं नव्हतं तिला
की म्हातारे निघालेत घराघरातून, चष्मे शोधत.

बकाराम बा आले. पस्तीस वर्षं कोतवाल.
तेव्हा तलाठ्यानं चावडीतून नुसतं 'ना' म्हटलं
की बा चालायला लागत.
कोणता नामदेव, कुणाकडची नानी,
ते पायांना ठाऊक.
चप्पल दाराशी काढून, काठी भिंतीला लावून,
धोतराचा सोगा सावरत ते खुर्चीकडे वाकले.
ऑल्ट, स्पेस, एच, एंटर. अंगठा.
प्रिंटर नेमका त्याच दिवशी शहाण्यासारखा वागला.
'घ्या बा.'
कागद हातात, आणि बा अजून अर्धे उभे.
'झालं? मी तं आजून बसलोबी नाई वो माय.'

टोल्यावरून पायी आलेल्या माणसाचं जिवंत असणं
मी चाळीस सेकंदांत उरकलं होतं.
घड्याळ बघून खूशही झाले होते.
खुर्चीला हात लावून ते उभे राहिले थोडा वेळ,
मग म्हणाले, 'येतो मंग,'
आणि काठी विसरून गेले.

आता नवा माउस आलाय, पोटात लाल दिवा असलेला.
तो बाजूला पडून असतो.
बाया कापणी सोडून येतात दाखल्याला,
विळा कमरेला तसाच,
त्यांना गप्पा नको असतात, कागद हवा असतो.
त्यांच्यासाठी कळाच बऱ्या.

पण काल बा आले, नातवाच्या रहिवासी दाखल्याला.
मी माउस हातात घेतला.
डी ड्राइव्ह. नवीन फोल्डर. नवीन फोल्डर दोन.
बांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
'सर्वर डाऊन हाय का?'
हो बा. जरा कळ काढा.
'काढतो नं,' म्हणाले, आणि ऐसपैस बसले,
'त्या सालच्या पुरात, तुले सांगतो,
डफ डोक्यावर धरून मी नाला पार केला
आन् पयले नानीच्या घरी...'

'कोणती नानी?' मी विचारलं.